खाऊची फळी : बोरन्हाणासाठीच्या प्रकल्प नोंदी

रविवार, ४ जानेवारी २०२६

भाच्याचं बोरन्हाण रथसप्तमीला, म्हणजे २५ तारखेला धरलंय. रविवारच आहे, त्यामुळे सगळ्यांना जमेल. जागा दादाच्या सांगलीच्या गावभागातल्या घराची गच्ची. वहिनीने मुलांची यादी केली, ती १७ वर गेली. सगळ्यात लहान मुलगी १४ महिन्यांची, सगळ्यात मोठा मुलगा १० वर्षांचा. भाचा दोन वर्षं चार महिन्यांचा. खाऊची जबाबदारी आत्याची, म्हणजे माझी.

गेल्या वर्षीचं अजून डाचतंय. प्रत्येकाला कागदी बशी, तिच्यात वेफर, केक, सामोसा आणि बर्फी. मुलांनी केकवरचं क्रीम चाटलं, वेफर संपवले. बाकीचं सगळं बादलीत गेलं. आई कितीतरी वेळ त्या बादलीकडे बघत होती. मुलांची चूक नव्हतीच. काय, किती आणि कशासोबत खायचं हे बशी भरणाऱ्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

या वेळी बशा नाहीत. एक लांब फळी, तिच्यावर सगळा खाऊ मांडलेला. मुलांनी भोवती बसायचं, बघायचं, हाताने उचलायचं. काय केलं आणि काय फसलं ते इथे लिहून ठेवते.

मंगळवार, ६ जानेवारी

पहिला प्रश्न फळीचाच. जेवणाचा जुना शिसवी पाट घ्यावा असं माझ्या मनात होतं. आईने लगेच अडवलं. "बसायच्या पाटावर खायचं मांडतात का कुणी?" बरोबर आहे तिचं. मग तिनेच माजघरातली सागवानी फळी काढून दिली. दिसायला सुरेख, पण २०१९ च्या महापुरात ती फळी दोन दिवस पाण्याखाली होती. चिरांत काय बसलंय कोण जाणे. कितीही घासली तरी मुलांचं खाणं तिच्यावर ठेवायला माझं मन तयार होईना. ती परत माळ्यावर गेली.

सुताराकडून आंब्याच्या लाकडाची नवी फळी करून घेतली. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद. चारही कोपरे गोल, कड पॉलिश पेपरने गुळगुळीत. व्हार्निश लावू नका म्हणून दोनदा सांगितलं. घरी आणून खोबरेल तेल मुरवलं. वर केळीचं पान येणार आहे, तरी हात लाकडाला लागणारच.

शुक्रवार, ९ जानेवारी

मंडईत नुसती चक्कर मारली, विकत काही घेतलं नाही. जानेवारीत सांगलीत मुलांच्या खाऊला तोटा नसतो. हरभऱ्याचे डहाळे ढिगाने आलेत. लाल गाजरं, पेरू, बोरं, ऊस. महाबळेश्वर-पाचगणीकडची स्ट्रॉबेरी डब्यांतून येतेय. तासगावकडची द्राक्षं दिसली, पण ती आगाप (लवकर केलेल्या) छाटणीच्या बागेची. ऑक्टोबरात छाटलेल्या बागा फेब्रुवारीत गोडीला येतात, त्यामुळे आताचा घड चाखून घेतल्याशिवाय घ्यायचा नाही. एका गाडीवरचे मणी हिरवेगार आणि टपोरे होते, पण दात आंबले.

बेदाणाही बघितला. नवा बेदाणा अजून सुकवायच्या शेडवर चढायचाय, म्हणजे आत्ता मिळतोय तो गेल्या हंगामाचा, कोल्ड स्टोरेजमधला. त्यात वाईट काही नाही, पण कडक असतो. भिजवावा लागेल.

यादीत लिहिलं: भडंग, तिळाची वडी, द्राक्षं, स्ट्रॉबेरी, गाजर, काकडी, पेरू, बेदाणे, डहाळे, उसाचे करवे, बोरं. रात्री यादी परत वाचली आणि प्रत्येक वस्तूपुढे १४ महिन्यांची ती मुलगी बसवून बघितली. निम्मी यादी तिथेच अडली.

मुलाची श्वासनळी साधारण त्याच्याच करंगळीएवढी असते. मागच्या दाढा दोन-अडीच वर्षांशिवाय पुऱ्या येत नाहीत, म्हणजे पुढच्या दातांनी तोडता येतं, पण बारीक चावता येत नाही. अख्खं द्राक्ष, शेंगदाणा, कच्च्या गाजराचा तुकडा, बोराची बी, काटेरी हलवा, सोलाणा (सोललेला ओला हरभरा): यातलं काहीही घशात अडकू शकतं. मोठ्यांसाठी वेगळी फळी करावी असं आधी वाटलं होतं. पण लहान मूल मोठ्यांच्याच फळीकडे धावणार, हे न करताही कळतंय. म्हणून नियम एकच ठेवला. सगळ्यात लहान मुलीला जे चालेल तेच फळीवर येईल.

रविवार, ११ जानेवारी. पहिली चाचणी

विश्रामबागेत माझ्या घरी. आमच्या इमारतीतली चार मुलं आणि भाचा.

सकाळचे दोन तास मांडणीत गेले. मधोमध स्ट्रॉबेरीचं फूल, भोवती काकडीच्या चकत्यांची दोन वर्तुळं, द्राक्षांच्या फोडींची वेल, कडेने भडंग. रांगोळीसारखी दिसत होती फळी. मुलं आली, बघितली आणि हात मागे बांधून उभी राहिली. सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "काकू, हे कुणाचंय?" मी म्हटलं, "तुमचंच." तरी कुणी हात लावेना. शेवटी भाच्याने फुलाची एक पाकळी ओढली, फूल मोडलं, तेव्हा बाकीच्यांचे हात सुटले.

हे मला अजिबात सुचलं नव्हतं. रेखीव मांडलेली गोष्ट मोडायची नसते, हे या मुलांना आम्हीच शिकवलंय. देवापुढची आरास, दारातली रांगोळी, पाहुण्यांसाठी लावलेलं ताट. मग ती खाऊच्या फुलाला तरी कशी हात लावतील? आता नक्षी नाही. ढीग घालायचे, छोटे छोटे, विस्कटलेले चालतील असे. आणि एका कोपऱ्यातलं थोडं आधीच उचललेलं असू दे.

बाकीचं पटपट लिहिते. फळी जेवणाच्या टेबलावर होती, भाच्याला तिची फक्त कड दिसत होती. चिमटे ठेवले होते, ते कुणालाच धरता आले नाहीत. भडंग काकडीला टेकून होतं, अर्ध्या तासात सादळलं. सोलाण्याच्या हिरव्या चटणीला (वाफवलेले सोलाणे, घट्ट दही, जिरं, मीठ) कुणी बोटही लावलं नाही. आणि गुळाच्या वडीवर मुंग्या.

मंगळवार, १३ जानेवारी. भोगी

आज आईकडे जेवायला होतो. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी. आईने उरलेल्या पिठाची भाच्यासाठी चानकी केली, तळहाताएवढी. त्याने ती दोन्ही हातांनी धरली, लोण्यात बुचकळली आणि कडेकडेने कुरतडत सगळी संपवली. चपातीचा घास भरवायला गेलं की हाच मुलगा तोंड फिरवतो.

फळीसाठी मी ब्रेड की क्रॅकर असा विचार करत बसले होते आणि उत्तर आईच्या तव्यावर होतं. आमच्या लहानपणीही शेवटच्या गोळ्याच्या चानकीवरून भांडणं व्हायची. ती आपल्या मापाची असते, अख्खी असते आणि आपली एकट्याची असते.

अडचण एक आहे. बाजरीची भाकरी गार झाली की कडक होते. आई म्हणाली, उकड काढून घे. उकळत्या पाण्यात पीठ घालून, झाकून, गरम असतानाच मळायचं. मग चानक्या दोन-तीन तास मऊ राहतात.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून झाला. प्रकल्पाचं काम काही नाही.

शनिवार, १७ जानेवारी

वहिनीला सांगितलं होतं की सगळ्या आयांना फोन करून एक विचार, मुलाला काही खाल्ल्यावर त्रास होतो का. आज तिचा फोन आला. यादीतल्या पाच वर्षांच्या एका मुलाला शेंगदाणा चालत नाही. पावसाळ्यात चिक्कीचा तुकडा खाल्ला आणि अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. त्याची आई म्हणाली, आम्ही येऊ, पण त्याचा डबा घरून आणू. कुठेही गेलं तरी तो त्याच्या डब्यातलंच खातो.

हे ऐकून मी स्वयंपाकघरात गेले आणि डबे उघडून बघायला लागले. दाण्याचं कूट कोशिंबिरीत. कूट तिळाच्या वडीत. दाणे भडंगात. ज्या तेलात मी फोडणी करते ते घाण्याचं शेंगतेल. घाण्याच्या तेलात शेंगदाण्यातली प्रथिनं थोडी का होईना उतरतात, आणि त्रास त्या प्रथिनांचाच असतो. म्हणजे वरून दाणे निवडून काढले की झालं, असं नाही. आपल्याकडच्या स्वयंपाकात शेंगदाणा कुठेकुठे मुरलेला आहे, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट दिसलं.

त्याच्यासाठी वेगळी वाटी करता आली असती. पण १६ मुलं फळीभोवती आणि एक भिंतीला टेकून डबा उघडतोय, हे चित्र मला नको होतं. सगळी फळीच बिनशेंगदाण्याची करायची. करडईचं तेल आणलं. मेतकूट, तिखट, सगळं नव्या पाकिटातलं. कढई आणि झारा आईकडचा, कूट न लागलेला, तोही साबणाने दोनदा धुतलेला. तिळाचं आणि दुधाचंही त्याच्या आईला विचारून घेतलं. ते त्याला चालतं.

रविवार, १८ जानेवारी. दुसरी चाचणी

या वेळी फळी चौरंगावर, भोवती सतरंज्या. मुलं मांडी घालून बसली की फळी त्यांच्या छातीशी येते. बसवण्याचं आणखी एक कारण आहे. पळताना, हसताना तोंडात घास असला की ठसका लागतो. खाऊ फक्त बसून, एवढा एकच नियम मुलांना सांगितला आणि तो त्यांनी पाळला.

चौरंगाचे चारही पाय पाण्याच्या वाटीत ठेवले. फडताळाला आजी तसंच करायची. मुंगी फिरकली नाही.

कोरडं एका टोकाला, ओलं दुसऱ्या टोकाला, मधे चानक्यांची चळत. भडंग पळसाच्या छोट्या द्रोणांत भरून ठेवलं. प्रत्येकाला आपला द्रोण उचलता आला आणि ते शेवटपर्यंत कुरकुरीत राहिलं. सोलाण्याच्या चटणीला या वेळी मोठा वाडगा दिला नाही. तीही द्रोणांत घातली, चमचा-चमचाच, आणि प्रत्येकात वाफवलेल्या गाजराची एक कांडी आधीच रोवून ठेवली. गाजर ओढलं की चटणी आपोआप लागून येते. पाचांपैकी तिघांनी चाटली. हिरवं बघून नाक मुरडणारा मुलगा दुसऱ्यांदा द्रोणाकडे गेला, तेव्हा मी श्वास रोखून उभी होते.

आईशी मात्र वाद झाला. तिला राहवत नाही. "अजून एक घे", "हे संपव मग ते घे". तिचं प्रेम आग्रहातून येतं, मला माहीत आहे. मी तिला एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी ते १९८० च्या दशकात मांडलं. काय, कधी आणि कुठे खायला द्यायचं ते मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला मी अर्धी भाकरी जास्त घालायचे आणि तू ती कुत्र्याला टाकायचीस." तिला ते माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं.

२५ तारखेला मोठ्यांनी भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसायचं. डोळे मुलांकडे, तोंडाने एक शब्द नाही. फक्त वहिनी आणि मी लहान्यांच्या शेजारी.

१७ मुलं एका तीन फुटी फळीभोवती मावणार नाहीत. सुताराला दुसरी सांगितली. दोन्हींवर खाऊ अगदी सारखाच.

गुरुवार, २२ जानेवारी

भडंग आणि वडी आज केली.

भडंगाचे टपोरे चुरमुरे गणपती पेठेतून आणले. पाव किलोतच मोठी परात भरते, १७ मुलांना पुरून उरतं. चुरमुरे चाळून कोरडेच मंद आचेवर गरम केले. करडईच्या तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत, कढीपत्ता हाताने चुरून, सढळ हळद, नावाला तिखट. खाली उतरवून मेतकूट, पिठीसाखर, मीठ. दाणे नाहीत, डाळवं नाही. सांगलीच्या माणसाला बिनदाण्याचं भडंग ओकंबोकं वाटणार याची मला काळजी होती. लसूण नेहमीच्या दुप्पट घातला आणि चव भरून आली.

वडीसाठी चिक्कीचा गूळ घेतला नाही, त्याने वडी दगडासारखी होते. साधा मऊ गूळ किसून, चमचाभर तुपात नुसता विरघळवला, पाक होऊ दिला नाही. भाजलेल्या तिळाचं कूट, भाजून चुरलेलं सुकं खोबरं, वेलची. थापून नखाएवढे पातळ तुकडे कापले. बोटांत दाबला की मोडतो.

शनिवार, २४ जानेवारी

द्राक्षं मिळाली, गोड. तीन गाड्या फिरून. प्रत्येक मणी उभा चिरून चार फोडी. आडव्या चकत्या करायच्या नाहीत. चकती गोलच राहते आणि गोल तुकडा घसा बंद करू शकतो. दोन किलो द्राक्षं चिरायला वहिनी, आई आणि मी अशा तिघींना सव्वा तास लागला. त्यात गप्पा भरपूर झाल्या.

गाजराच्या कांड्या दोन बोटांत दाबल्या की चिरडतील इतपत वाफवायच्या, ते उद्या. पेरूच्या बिया काढून मऊ गराचे काप. बेदाणे कोमट पाण्यात भिजवून, निथळून, चिरून लोण्यात कालवायचे. चानकीवर लावायला हे लोणी आईने सुचवलं. स्ट्रॉबेरी ऐनवेळी कापायची, नाहीतर पाणी सुटतं.

डोक्यावरून ओतायच्या खाऊचाही विचार करावा लागला. बोरन्हाणात मुलं खाली पडलेलं वेचून थेट तोंडात घालतात. म्हणून सुपात फक्त चुरमुरे, वडीचे तुकडे आणि रंगीत कागदात बांधलेल्या छोट्या पुड्या. बोरं आणि ऊस नाहीत म्हटल्यावर आई हिरमुसली. बोरांशिवाय बोरन्हाण कसलं? शेवटी पाच बोरं देवापुढे ठेवून तीच भाच्याच्या ओंजळीत देऊन लगेच काढून घ्यायची असं ठरलं. उसाचे करवे सहा वर्षांवरच्या मुलांना, सगळं आटोपल्यावर, जिन्यात बसून.

रविवार, २५ जानेवारी. रथसप्तमी

रात्री लिहितेय. पाय दुखताहेत.

साडेचारला औक्षण. काळं झबलं, हलव्याचे दागिने. मुकुट भाच्याने दोनदा काढून टाकला. चुरमुरे डोक्यावर पडले तेव्हा तो आधी दचकला, मग "अजून, अजून" म्हणायला लागला.

केळीची पानं विस्तवावरून फिरवून घेतली होती, त्यामुळे फळीवर घालताना चिरली नाहीत. पाच वाजता मुलं बसली. दोन्ही फळ्यांचा एकेक कोपरा मी आधीच विस्कटला होता. या वेळी कुणी विचारलं नाही की हे कुणाचंय.

सगळ्यात आधी स्ट्रॉबेरी संपली, ते अपेक्षित होतं. चानक्या त्यांच्या मागोमाग गेल्या, ते नव्हतं. ५० केल्या होत्या, पंधरा मिनिटांत चळत खाली आली. मोठ्या मुलांनी चानकीवर लोणी, त्यावर काकडी, त्यावर भडंग असे मनोरे रचले आणि एकमेकांना दाखवून खाल्ले. १४ महिन्यांची मुलगी एकच चानकी अर्धा तास धरून बसली होती. कडेचे तीळ एकेक करून तिने खाल्ले. चटणी एका फळीवर निम्मी उरली. दुसऱ्या फळीवर सात वर्षांची एक मुलगी शेजारच्या लहान्यांना गाजर बुडवून देत होती, तिथे द्रोण रिकामे झाले.

मधेच एक पाहुण्या बाई पिशवीतून चिक्कीचं पाकीट काढून मुलांना वाटायला उठल्या. त्यांना माहीत नव्हतं. वहिनीने चटकन पुढे होऊन पाकीट हातात घेतलं, "आत मोठ्यांच्या ताटात ठेवते" म्हणाली आणि जिन्याचं दार लावून घेतलं. दोन मिनिटं माझे हात गार पडले होते.

तो पाच वर्षांचा मुलगा डबा घेऊन आला होता. बसताना डबा मांडीवर. प्रत्येक वस्तूकडे बोट करून तो आईकडे बघायचा आणि ती लांबूनच मान हलवायची. आठ-दहा वेळा असं झालं. मग त्याने बघणं सोडून दिलं आणि दोन्ही हातांनी खायला लागला. त्याची आई खुर्चीवरून उठून कठड्याशी गेली आणि बराच वेळ नदीकडे तोंड करून उभी राहिली. डबा तसाच बंद परत गेला.

सोमवार, २६ जानेवारी

सकाळी झेंडावंदन, मुलं परत भेटली. एकाने विचारलं, "आज फळी नाही?"

उरलेलं मोजलं. चटणीचे सात द्रोण, पेरूचे थोडे काप (काळे पडलेले), मूठभर बेदाणे. पेरू पुढच्या वेळी ऐनवेळी कापायचा किंवा लिंबू चोळून ठेवायचा. वडी सगळी संपली. भडंगाचा अर्धा डबा उरला होता, तो रात्री मोठ्यांनी कांदा-टोमॅटो घालून खाल्ला.

फळ्या साबणाच्या ओल्या फडक्याने पुसल्या, सावलीत उभ्या करून वाळवल्या. उन्हात ठेवल्या तर तडकतील. परत खोबरेल तेल.

शेंगदाणा न चालणाऱ्या मुलाच्या आईचा दुपारी फोन. २२ फेब्रुवारीला त्याचा वाढदिवस घरी करायचाय, पहिल्यांदाच मित्रांना बोलावून. फळ्या देशील का आणि चानकीची उकड शिकवशील का, म्हणून विचारत होती. तोपर्यंत डहाळे संपत आलेले असतील, चटणी मटाराची करावी लागेल. द्राक्षं मात्र गोड असतील. तिला सांगितलं, आदल्या दिवशी दुपारी दोघी-तिघींना बोलावून ठेव, चिरायला वेळ लागतो.